वरीलप्रमाणे

लॉगिन करताना इथे काहीच होत नसे.
नाव, मग पासवर्ड,
मग काळ्या पडद्यावर फडफडणारी ती रेघ,
बोलायला तोंड उघडून थांबलेल्या माणसासारखी.
साकोलीच्या पलीकडे, पाटबंधारे उपकार्यालय,
दोन खोल्या, एक पंखा,
आणि खिडकीतून दिसणारा मामा तलाव.

मी कंत्राटी. अकरा महिन्यांची.
आल्यावर तिसऱ्या दिवशी मशीनच्या पोटात शिरले,
कोण आत आलं की काय काय करायचं
ते लिहिलेल्या फाइलीत.
तिथे एक ओळ झोपलेली सापडली.
आत येणाऱ्याला सांग,
तुझ्या नावाचं नवं टपाल आलंय का,
एवढंच तिचं काम.
तिच्या डोक्याशी हॅशची खूण,
आणि शेजारी आधीच्या साहेबांच्या हातचं:
रोज तेच तेच. बंद केलं. डोंगरवार.

खूण पुसायला एक बटण पुरतं.
मी ते दाबलं.
बाहेर पडले, पुन्हा आत आले,
जशी आपण कुणाच्या घरी
मुद्दाम पुन्हा दार वाजवून पाहतो.

तुम्हाला नवीन टपाल आहे.

किती, ते त्या ओळीने सांगितलं नाही.
चारशे बारा.
सगळी ह्याच मशीनची, ह्याच मशीनला.
रात्री दोन वाजता, रोज:
तलावाचा मापक उत्तर देत नाही.
पुन्हा विचारतो.
गणपतीच्या रात्री पण. दिवाळीच्या रात्री पण.
ज्या रात्री अख्ख्या तालुक्यात लाइट नव्हती
तेवढी एकच सुटलेली.

मी फक्त पहिलं उघडलं.
उघडलं की टपाल जुनं होतं,
मग मशीन नुसतं म्हणतं, टपाल आहे,
‘नवीन’ हा शब्द गळून पडतो.
बाकीचे तसेच ठेवले, का ते माहीत नाही.

उरकुडा नान्हे पाळीवर होता,
तलावाच्या लाकडी पट्टीवरून पाणी वाचत.
म्हटलं, काका, तो मापक बोलत नाही वर्षभर.
तो पट्टीवरची नजर न काढता म्हणाला,
कसा बोलल जी?
तार वानरानं नेली त्याची.
मी सांगलो होतो सायबाले.
सायब म्हने, लिहून ठेव.
तं मी लिहून ठेवलो.

रजिस्टर टेबलाखालीच होतं,
सुतळी बांधलेलं, कोपऱ्याला वाळवीचा घास.
तारीख. वेळ. पाणी, फूट आणि इंच.
आणि शेवटचा रकाना, शेरा.
त्यात एका पानावर, गोल अक्षरांत:
मशीनची तार तुटली. वानर.
खाली दुसऱ्या दिवशी: वरीलप्रमाणे.
तिसऱ्या दिवशी: वरीलप्रमाणे.
पानं उलटत गेले.
वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे,
आणि प्रत्येक ओळीत पाणी मात्र वेगळं,
साडेसहा, सहा, पाच फूट नऊ,
एकही दिवस न गाळता.

दोघांनी एकाच गोष्टीची तक्रार केली होती,
एकाने पहाटे, एकाने रात्री दोनला,
एकाच टेबलावर, वर आणि खाली,
मध्ये साहेबांचा टॉवेल टाकलेली खुर्ची.

तारेसाठी मागणीपत्र धाडलं भंडाऱ्याला.
तिकडून पोच आली, तार नाही.
उरकुडाच्या आकड्यांनी मी मशीनमधले खड्डे भरते,
रोज दुपारी दहा-बारा दिवस,
मापकाच्या रकान्यात माणसाचं पाणी.

आता सकाळी मी लॉगिन करते तेव्हा
तो मागे येऊन उभा राहतो,
हातात चपला, पायांना गाळ.
पडदा उजळतो, ओळ येते.

आज काय म्हन्ते थे?

तेच, काका.

मंग लिहा ना, म्हणतो,
आणि पेनाचं टोपण काढून
माझ्यासमोर धरतो.